चूक झाली तर सांगणारी स्क्रिप्ट कशी लिहावी: लहान कार्यालयाचा सर्व्हर आणि मराठी-कोकणी संकेतस्थळ यांसाठी

पणजी, मडगाव किंवा फोंड्यातील एखाद्या पतसंस्थेत, छापखान्यात, देवस्थानाच्या कार्यालयात किंवा किनाऱ्यावरच्या अतिथिगृहात ‘सर्व्हर’ म्हणून जे ओळखले जाते, ते बहुधा कोपऱ्यात ठेवलेले, लिनक्सवर चालणारे एक जुने यंत्र असते, आणि त्याची देखभाल ज्याच्याकडे असते त्याच्यावर इतरही दहा कामे सोपवलेली असतात. अशा ठिकाणी लहान लहान स्क्रिप्टचा मोठा आधार असतो. रात्री डेटाबेसची प्रत काढणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासणे, आलेल्या अर्जांतील नावे व क्रमांक नीट करून घेणे ही कामे दहा-वीस ओळींच्या कोडने सहज होतात. त्या ओळी बहुधा कुठून तरी उतरवून घेतलेल्या असतात, एकदा चालवून पाहिलेल्या असतात आणि पुढे त्या चालूच आहेत असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. स्क्रिप्ट बंद पडली तर ती दुरुस्त करता येते. पण ती बंद पडल्याचे तीन महिने कोणाला कळलेच नाही, तर दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात प्रत्येक तुकडा एकाच कसोटीवर घासून पाहिला आहे: काम बिघडले तर तो ते सांगेल का?

कमांडची व पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लहान अक्षरांत लिहावयाची आहेत.

बॅशची सुरुवात

बॅश, म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलवर कमांड चालवणारी भाषा, मुळात फार सोशिक आहे. एखादी ओळ फसली तरी ती पुढची ओळ चालवते, आणि कधीच न भरलेल्या चलाचे (व्हेरिएबलचे) मूल्य विचारले तरी तक्रार न करता रिकामी जागा देते. हा सोशिकपणा टर्मिनलवर हाताने काम करताना सोयीचा असला, तरी रात्री कोणी पाहत नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो घातक ठरतो. त्यामुळे पहिल्या ओळीत बॅशचा मार्ग दिल्यानंतर लगेच ‘सेट’ ही कमांड ई, यू आणि ओ या पर्यायांसह द्यावी व ओ या पर्यायापुढे ‘पाइपफेल’ असे लिहावे. ‘ई’मुळे फसलेल्या कमांडपाशी स्क्रिप्ट थांबते, ‘यू’मुळे न भरलेले चल ही चूक मानली जाते, आणि ‘पाइपफेल’मुळे नळीने (पाइपने, म्हणजे एका कमांडचा परिणाम दुसरीकडे देणाऱ्या चिन्हाने) जोडलेल्या कमांडपैकी कोणतीही फसली तरी संपूर्ण जोडणी फसली असे धरले जाते.

‘यू’चे महत्त्व एका उदाहरणावरून कळते. ‘आरएम’ या कमांडला आर व एफ हे पर्याय देऊन एका चलात साठवलेल्या फोल्डरमधील सर्व फाइल काढायच्या आहेत असे समजा. चलाच्या नावात एक अक्षर चुकले, तर ते चल रिकामे राहते, त्यापुढची तिरपी रेघ आणि तारका तेवढ्या उरतात, आणि कमांडचा अर्थ ‘मुळापासून सर्व काढा’ असा होतो. ‘यू’ लावलेला असता तर स्क्रिप्ट त्याच ओळीवर थांबली असती.

प्रत्येक चल दुहेरी अवतरणांत लिहिण्याची सवयही पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आपल्याकडे फाइलींची नावे ‘ठराव मे महिना अंतिम’ अशी मोकळ्या जागांसह असतात, आणि अवतरणे नसतील तर बॅश त्या एका नावाची चार नावे करते. या प्रकारच्या चुका शोधून देणारे ‘शेलचेक’ हे मुक्त साधन प्रत्येक प्रमुख लिनक्स वितरणात मिळते. त्याने दाखवलेली प्रत्येक पिवळी ओळ समजून घेतल्याशिवाय स्क्रिप्ट कामाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सेट’च्या ‘ई’ पर्यायावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ‘इफ’च्या अटीत, किंवा ‘आणि’, ‘अथवा’ या अर्थाच्या दुहेरी चिन्हांच्या डाव्या बाजूला असलेली कमांड फसली तर तो स्क्रिप्ट थांबवत नाही. महत्त्वाच्या पायरीनंतर परिणाम स्वतंत्रपणे तपासणेच योग्य.

डेटाबेसची प्रत

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांची प्रत काढण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे ‘मायएसक्यूएलडंप’चा प्रवाह नळीने ‘जीझिप’ या फाइल आवळणाऱ्या कमांडकडे देणे आणि निघालेला परिणाम तारखेच्या नावाने साठवणे. या एका ओळीत बऱ्याच चुका लपलेल्या असतात.

पहिली चूक नळीची. पासवर्ड बदलल्यामुळे डंप सुरूच झाला नाही, तरी जीझिप आपल्या परीने यशस्वी होते, कारण तिला मिळालेला रिकामा प्रवाह तिने व्यवस्थित आवळलेला असतो. पाइपफेल नसेल तर बॅश शेवटच्या कमांडचे यश हेच संपूर्ण ओळीचे यश मानते. त्यातही गंमत अशी की रिकाम्या प्रवाहापासून केलेली जीझिप फाइलसुद्धा २० बाइटांची असते. त्यामुळे ‘फाइल रिकामी नाही ना’ एवढेच पाहणारी तपासणी येथे हमखास फसते आणि फोल्डरमध्ये रोज नव्या तारखेची, दिसायला नेटकी, आतून पोकळ फाइल जमा होत राहते.

दुसरी चूक अर्धवट प्रतीची. डंप चालू असताना डिस्क भरली किंवा वीज गेली, तर अर्धी फाइल पूर्ण नावानिशी पडून राहते. यावर उपाय सोपा आहे. मायएसक्यूएलडंप काम पुरे झाल्यावर शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ अशी टीप स्वतःच लिहितो. आवळलेली फाइल ‘झीकॅट’ने उलगडून ‘टेल’ने तिची शेवटची ओळ काढावी आणि ‘ग्रेप’ने तीत हे शब्द आहेत का ते पाहावे. शिवाय प्रत आधी तात्पुरत्या नावाने काढावी आणि तपासणीत उतरल्यावरच ‘एमव्ही’ने तिला खरे नाव द्यावे. एकाच फाइल-प्रणालीत नाव बदलण्याचे काम अखंड होते, त्यामुळे अर्धवट फाइलला पूर्ण नाव मिळण्याचा प्रसंगच येत नाही.

तिसरी चूक जुन्या प्रती काढण्याची. ‘फाइंड’ला ‘एमटाइम’ हा पर्याय देऊन तीस दिवसांपूर्वीच्या फाइली काढणारी ओळ सर्वत्र आढळते. तिचा दोष असा की नव्या प्रती निघणे बंद झाले तरी ही ओळ आपले काम चोख करत राहते आणि महिन्याभरात शेवटची चांगली प्रतही काढून टाकते. म्हणून वयावरून न काढता संख्येवरून काढावे: सर्वांत अलीकडच्या चौदा प्रती राखून बाकीच्या काढाव्यात, आणि तेही आजची प्रत तपासणीत उतरल्यावरच.

या सर्वांचा मिळून स्क्रिप्टचा आराखडा पुढीलप्रमाणे होतो. प्रत्येक ओळ बॅशमध्ये एक-दोन ओळींत उतरते.

कुलूप घ्या, मिळाले नाही, तर निरोप देऊन थांबा.
साठ्याची डिस्क जोडलेली आहे का ते पाहा. नसेल, तर निरोप देऊन थांबा.
डेटाबेसची प्रत ‘अपूर्ण’ अशा नावाच्या फाइलमध्ये काढा.
तिची शेवटची ओळ तपासा.
तिचा आकार कालच्या प्रतीच्या निम्म्याहून कमी असेल, तर निरोप द्या.
नाव बदलून तिला आजची तारीख द्या.
अलीकडच्या चौदा प्रती सोडून बाकीच्या काढा.
काम झाल्याची खूण बाहेरच्या यंत्रावर नोंदवा.

यातील कुलूप म्हणजे ‘फ्लॉक’ ही कमांड. ‘एन’ हा पर्याय दिल्यास आधीची फेरी चालू असताना दुसरी फेरी सुरू होत नाही. आकाराची तपासणी ढोबळ आहे, पण एखादा मोठा तक्ता चुकून रिकामा झाला तर तो याच तपासणीत सापडतो. डंपला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय अवश्य द्यावा, म्हणजे इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते आणि काम करणाऱ्यांचा खोळंबा न होता ती निघते. पासवर्ड मात्र कमांडच्या ओळीत कधीही लिहू नये. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करावी आणि ‘डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल’ हा पर्याय सर्वांत आधी द्यावा, कारण तो पहिला नसेल तर मायएसक्यूएल तो स्वीकारत नाही.

एवढे करूनही प्रत खरोखर उपयोगाची आहे की नाही हे ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिल्यावरच कळते. महिन्यातून एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये ती चढवणारी, दोन-तीन मुख्य तक्त्यांतील नोंदी मोजणारी आणि ती संख्या मूळ संख्येशी ताडून पाहणारी स्क्रिप्ट लिहावी. येथे एक खास आपल्याकडची तपासणी जोडावी: देवनागरीतील एखादे ठरावीक नाव आणि इमोजी असलेला एखादा अभिप्राय उतरवलेल्या प्रतीत जसाच्या तसा आहे का ते पाहावे. मायएसक्यूएल ५.७ व त्याआधीच्या आवृत्त्यांत डंपचा मूळ अक्षरसंच ‘यूटीएफ८’ हा तीन बाइटांचा होता. त्यात देवनागरी सुखरूप राहते, पण इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ हा पर्याय देऊन त्यापुढे ‘यूटीएफ८एमबी४’ लिहिले की हा प्रश्न मिटतो.

वीज गेल्यावर

जून ते सप्टेंबर या काळात, आणि त्याआधी मे महिन्यातल्या गडगडाटात, गोव्यातल्या कोणत्याही गावात वीज जाणे हे गृहीतच धरावे लागते. यूपीएस असला तरी तो काही मिनिटांचाच सोबती असतो. तो यूएसबीने यंत्राला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ किंवा ‘एपीसीयूपीएसडी’ यांपैकी एक बसवावे, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर यंत्र रीतसर बंद होते. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे यासाठीची नोंद बायोसमध्ये असते, तीही करून ठेवावी.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या गोष्टी पुढे आहेत. ठरलेल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन हा वेळेचा पक्का असला तरी चुकलेली वेळ भरून काढणारा नाही. रात्री अडीचला यंत्र बंद असेल, तर त्या रात्रीची प्रत निघतच नाही. लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ ही नोंद ‘ट्रू’ ठेवली तर यंत्र सुरू होताच चुकलेले काम उरकले जाते. गोव्यातील लहान कार्यालयासाठी मी क्रॉनऐवजी टायमरच सुचवेन. ज्यांना क्रॉनच ठेवायचा आहे त्यांनी ‘ॲनाक्रॉन’ पाहावा.

क्रॉनच्या आणखी तीन खोडी ठाऊक असाव्यात. त्याचा ‘पाथ’ (कमांड शोधण्याच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो, त्यामुळे टर्मिनलवर चालणारी कमांड क्रॉनमध्ये ‘सापडत नाही’. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह नव्या ओळीचा अर्थ घेते, त्यामुळे ‘डेट’ कमांडचा तारखेचा साचा तेथे लिहिल्यास कमांड मध्येच तुटते. त्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी किंवा सर्व काही स्क्रिप्टमध्येच ठेवावे. आणि भाड्याचा क्लाउड सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे पहाटे अडीचची प्रत हवी असेल तर तेथे आदल्या दिवशीचे २१:०० लिहावे लागते, आणि फाइलवर तारीखही आदल्या दिवशीचीच पडते. सर्व्हरचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवला तर हा हिशेब करावा लागत नाही.

वीज जाऊन आल्यानंतरचा सर्वांत मोठा धोका मात्र डिस्कच्या जोडणीचा आहे. यंत्र सुरू झाले, पण यूएसबीवरची बाहेरची डिस्क माउंट झाली नाही, असे वारंवार घडते. तिच्या जागी तेव्हा एक रिकामे फोल्डर असते, आणि फाइलींच्या प्रती दुसरीकडे नेणाऱ्या ‘आरसिंक’ला रिकामे फोल्डर आणि जोडलेली डिस्क यांतला फरक कळत नाही. प्रत त्या डिस्कवर जायची असेल, तर ती मुख्य डिस्कवर साठत राहते आणि काही दिवसांत मुख्य डिस्कच भरून टाकते. उलट मूळ फाइली त्या डिस्कवर असतील आणि आरसिंकला ‘डिलीट’ हा पर्याय दिलेला असेल, तर रिकामे मूळ पाहून आरसिंक प्रतीतल्या सर्व फाइली आज्ञाधारकपणे काढून टाकते. म्हणून आरसिंकच्या आधी ‘माउंटपॉइंट’ ही कमांड क्यू पर्यायासह चालवून जोडणी खात्रीने पाहावी, आणि ‘मॅक्स-डिलीट’ हा पर्याय देऊन एका फेरीत काढल्या जाणाऱ्या फाइलींना मर्यादा घालावी.

आरसिंकबाबत एक बारीक तपशील नवख्यांना नेहमी छळतो. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर त्याच्या आतला मजकूर जातो. न दिली तर ते फोल्डरच दुसऱ्या फोल्डरच्या आत जाऊन बसते. पहिल्या वेळी एन हा पर्याय देऊन नुसती रंगीत तालीम करावी: काय जाईल आणि काय काढले जाईल याची यादी दिसते, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

न आलेला निरोप

आतापर्यंत ‘निरोप द्या’ असे अनेकदा म्हटले आहे, पण निरोप देणारे यंत्रच बंद असेल तर काय करावे? वायफाय बिघडले, राउटरवर वीज पडली किंवा कोणी झाडलोट करताना प्लग काढला, तर स्क्रिप्टला काही सांगताच येत नाही, आणि कार्यालयात सर्व काही ठीक असल्याचीच शांतता असते. यासाठी व्यवस्था उलटी करावी लागते. स्क्रिप्टने चूक झाल्यावर निरोप द्यावाच, पण त्याखेरीज यशस्वी झाल्यावर रोज एक खूण बाहेरच्या यंत्रावर ठेवावी, आणि ती खूण ठरलेल्या वेळेत आली नाही तर त्या बाहेरच्या यंत्राने ओरड करावी.

हे करायला मोठी प्रणाली लागत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘कर्ल’ने स्वतःच्या संकेतस्थळावरील एका गुप्त पत्त्याला साद घालावी. तो पत्ता एका फाइलची वेळ अद्ययावत करतो. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर दर तासाला चालणारी दुसरी स्क्रिप्ट त्या फाइलचे वय पाहते आणि ते २६ तासांहून अधिक झाले की ईमेल किंवा एसएमएस पाठवते. चोवीसऐवजी सव्वीस तास ठेवण्याचे कारण एवढेच की एखाद्या दिवशी प्रत काढायला थोडा अधिक वेळ लागला तर उगाच धावपळ होऊ नये. बाहेरचे यंत्र कार्यालयाच्या वीजजोडणीवर आणि इंटरनेटवर अवलंबून नसावे, ही एकच अट पाळायची आहे.

एसएमएस मराठीत पाठवायचा असेल तर मजकूर आखूड ठेवावा. रोमन अक्षरांतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरीतील एकच चिन्ह आले तरी ही मर्यादा ७० वर येते.

प्रमाणपत्राबाबत हीच पद्धत वापरावी. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि ‘सर्टबॉट’ ते मुदत संपण्याआधी आपोआप नवे करून घेतो. संस्था पूर्वी मुदतीची आठवण ईमेलने देत असे. जून २०२५पासून ती सेवा बंद झाली आहे. शिवाय सीए/ब्राउझर फोरमने २०२५मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरत मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणजे वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलण्याची रीत मोडीत निघाली आहे.

येथेही एक मूक चूक दडलेली आहे. सर्टबॉट नवे प्रमाणपत्र डिस्कवर आणतो, पण संकेतस्थळ पुरवणाऱ्या एनजिनएक्सला ते पुन्हा वाचायला कोणी सांगितले नाही, तर तो स्मृतीतले जुनेच प्रमाणपत्र देत राहतो. डिस्कवरची फाइल तपासणारी स्क्रिप्ट ‘सर्व ठीक’ म्हणते आणि चवथीच्या सुट्टीत, कार्यालयाला कुलूप असताना, संकेतस्थळावर धोक्याचा लाल पडदा येतो. म्हणून सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय-हुक’मध्ये एनजिनएक्स रीलोड करण्याची कमांड द्यावी, आणि तपासणी बाहेरून करावी: ‘ओपनएसएसएल’च्या ‘एस-क्लायंट’ने ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून मिळालेले प्रमाणपत्र ‘एक्स५०९’कडे द्यावे आणि ‘चेकएंड’ या पर्यायापुढे १२०९६०० हा आकडा लिहावा. हे चौदा दिवसांचे सेकंद आहेत. तेवढ्या अवधीत मुदत संपत असेल तर कमांड अपयशाची खूण देते.

डिस्क भरल्याच्या तक्रारीवर थोडक्यात सांगायचे तर ‘डीएफ’ एच पर्यायासह आणि लगेच आय पर्यायासह चालवावी, कारण लाखो चिमुकल्या फाइलींमुळे जागा शिल्लक असतानाही आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपतात. मोठे फोल्डर ‘डीयू’ने सापडते. डीएफ आणि डीयू यांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर एखादी काढून टाकलेली नोंदवही (लॉग फाइल) कोणत्या तरी प्रक्रियेने अजून उघडी धरून ठेवलेली आहे असे समजावे. ‘एलएसओएफ’ला अधिकचे चिन्ह, मोठा एल आणि एक हा अंक दिल्यास ती सापडते, आणि ती प्रक्रिया पुन्हा सुरू केल्यावरच जागा मोकळी होते.

संकेतस्थळावरची नावे, अंक आणि अक्षरे

गोव्यातील संकेतस्थळाला एकाच वेळी अनेक लिपी-भाषांशी व्यवहार करावा लागतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर करता येतो. शिवाय रोमी लिपीतील कोकणी आहे, इंग्रजी आहे आणि पोर्तुगीज वळणाची नावे आहेत. परगावी उतरवून घेतलेल्या कोडमध्ये यातले काहीच विचारात घेतलेले नसते.

डिसोझा आणि डिकॉस्टा या आडनावांपासून सुरुवात करू. ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना अनेकजण पहिल्या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्ह देतात. एसक्यूएलची ओळ शब्द जोडून तयार करणाऱ्या कोडमध्ये हे चिन्ह आले की मजकूर तेथेच संपला असे डेटाबेसला वाटते आणि नोंद फसते. ज्या वाटेने हे साधे आडनाव कोड मोडते, त्याच वाटेने घुसखोरही आत येतो, त्यामुळे हे चिन्ह काढून टाकणे हा उपाय नव्हे. पीएचपीमध्ये पीडीओचे (डेटाबेसशी बोलणाऱ्या जोडणीचे) ‘प्रिपेअर’ व ‘एक्झिक्यूट’ वापरावे, पायथनमध्ये मूल्ये वेगळी पाठवावीत. आपल्या चाचणीच्या नोंदींत असे एक आडनाव कायम असावे. भरीला मोबाइलचा कीबोर्ड कधी सरळ चिन्ह देतो, तर कधी वळणदार. दोन्हींचे कोडबिंदू (युनिकोडमधील चिन्हक्रमांक) वेगळे असल्याने शोधात एक दुसऱ्याला सापडत नाही.

मराठीतही अशी सारखी दिसणारी, पण आत वेगळी असलेली रूपे आहेत. नुक्ता असलेला ‘ऱ’ हा एकाच कोडबिंदूचा, यू+०९३१, असू शकतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन बिंदूंचा. युनिकोडचे ‘एनएफसी’ हे सामान्यीकरण या दोहोंना एक करते, आणि जावास्क्रिप्टमध्ये ते ‘नॉर्मलाइज’ या एका शब्दाने होते. परंतु ‘वाऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ-ने लिहितात, तर काही ‘र’, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर हे अदृश्य चिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही, एनएफसी त्यांना एक करत नाही, आणि वापरणाऱ्याला ‘काहीही सापडले नाही’ एवढेच उत्तर मिळते. ‘ॲ’चेही तसेच: यू+०९७२ हा स्वतंत्र बिंदू युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या मजकुरात ‘अ’ आणि अर्धचंद्र अशी जोडी असते, आणि हिंदी कीबोर्डवरून ‘ऍ’ येतो.

यासाठी मूळ मजकुराला हात न लावता शोधासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि तो भरणारे एक लहानसे फंक्शन लिहावे. त्याने प्रथम एनएफसी करावे. मग ‘अ’ व अर्धचंद्र या जोडीला तसेच ‘ऍ’ला ‘ॲ’ करावे. नंतर ‘र’, हलन्त व जॉइनर या तिघांना ‘ऱ’ व हलन्त करावे, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य जोडचिन्हे काढावीत. हा क्रम उलटा केला तर अर्धा र ओळखण्याची खूणच नाहीशी होते आणि ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो. शेवटी वळणदार अवतरणे सरळ करावीत आणि जास्तीच्या मोकळ्या जागा एक कराव्यात. शोधणाऱ्याने टंकित केलेला शब्दही याच फंक्शनमधून जाऊ द्यावा, नाहीतर सर्व खटाटोप व्यर्थ. मडगाव आणि मडगांव, म्हापसा आणि म्हापशें अशा मराठी-कोकणी जोड्यांसाठी मात्र फंक्शनच्या मागे न लागता गावांच्या पर्यायी नावांचा छोटा तक्ता ठेवावा. गोव्यातील गावांची यादी हाताने करण्याइतकी लहान आहे.

अंकांची गोष्ट अधिक धोक्याची आहे. एखाद्याने पणजीचा पिनकोड ‘४०३००१’ असा देवनागरी अंकांत लिहिला, तर जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ त्याला संख्याच मानत नाही, आणि पीएचपीमध्ये त्याचा पूर्णांक केला तर निमूटपणे शून्य हाती येते. पायथन ३ मात्र तो व्यवस्थित वाचतो. त्यामुळे पायथनमध्ये चाचणी करून पीएचपीत वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. देवनागरी शून्याचा कोडबिंदू दशमानात २४०६ आहे आणि आंतरराष्ट्रीय शून्याचा ४८, म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडबिंदूतून २३५८ वजा केले की आंतरराष्ट्रीय अंक मिळतो. हे रूपांतर सर्व्हरवर, तपासणीच्या आधी करावे. गोव्याचे पिनकोड ४०३ने सुरू होतात, ही तपासणी त्यानंतर लावावी. दाखवताना याच्या उलट सोय आहे: ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला मराठी-भारत हे स्थान दिले की १२,३४,५६७ अशी देवनागरी अंकांत, लाखांच्या गटांत मांडणी आपोआप मिळते.

लांबी मोजतानाही सावध राहावे. ‘म्हापसा’ या शब्दाची दिसायला तीन अक्षरे आहेत, जावास्क्रिप्टच्या मोजणीत सात आणि यूटीएफ-८च्या साठवणीत एकवीस बाइट. शीर्षक ठरावीक लांबीला कापणारा तुकडा म्हणूनच कधी मात्रा तोडतो, तर कधी हलन्त लोंबकळत ठेवतो. कापायचेच असेल तर जावास्क्रिप्टचा ‘इंटल सेगमेंटर’ वापरावा. फाइलच्या नावाला लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रणालीत २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. ग्रामसभेच्या ठरावाचे संपूर्ण शीर्षक फाइलला देण्याचा मोह आवरावा आणि सर्व्हरवर क्रमांकाचेच नाव ठेवावे.

डेटाबेसचा अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असावा, हे पुन्हा सांगण्याचे कारण असे की जुना तीन बाइटांचा संच देवनागरी नीट साठवतो आणि म्हणून तो चालतो असे वाटते. अतिथिगृहाच्या संकेतस्थळावर एखाद्या पाहुण्याने वाक्याच्या मध्ये नारळाच्या झाडाचे इमोजी टाकले, आणि मायएसक्यूएलची काटेकोर पद्धत बंद असली, तर इमोजीपासून पुढचा सगळा अभिप्राय गळून पडतो आणि पडद्यावर ‘धन्यवाद’ असेच येते.

मांडणीबद्दल फार लिहीत नाही. पानाच्या ‘लँग’ या गुणधर्मात मराठीसाठी ‘एमआर’ व कोकणीसाठी ‘केओके’ द्यावे. काही फॉन्ट या खुणेवरूनच ल आणि श यांची मराठी वळणे निवडतात. अक्षरांमधील अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ देवनागरीला लावू नये, कारण शिरोरेघ तुटते. ओळींची उंची १.६च्या खाली नेल्यास वेलांट्या व उकार एकमेकांत अडकतात. यादी लावताना ‘इंटल कोलेटर’ला मराठी भाषा सांगावी, अन्यथा ‘ळ’ मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर न येता कोडबिंदूंच्या क्रमाने ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो.

जपणूक

सर्व स्क्रिप्ट एका गिट (बदलांचा इतिहास जपणारे साधन) भांडारात ठेवाव्यात आणि पासवर्डच्या फाइली त्यातून कटाक्षाने वगळाव्यात. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती काय करते, कोणत्या यंत्रावर व केव्हा चालते, फसल्यास निरोप कोणाला जातो आणि ती हाताने कशी चालवायची, एवढे साध्या मराठीत लिहावे; पुढे हे काम ज्याच्याकडे येईल त्याला बॅश येत असेलच असे नाही. क्रॉनटॅब आणि सिस्टमडीचे टायमर या भांडारात आपोआप येत नाहीत. यंत्राची डिस्क गेली की कोणती स्क्रिप्ट कधी चालत होती हे त्यांच्याबरोबरच जाते, म्हणून रात्रीच्या प्रतीत ‘क्रॉनटॅब’ची एल पर्यायासह काढलेली यादी आणि ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’चा परिणाम या दोन छोट्या फाइली जोडून द्याव्यात.